चौकट काढावी की ठेवावी: देणगीत आलेल्या तसबिरींच्या जतनाचे एक प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

स्वतःची इमारत रिकामी करणाऱ्या एका जुन्या सार्वजनिक संस्थेने भिंतींवरच्या सगळ्या तसबिरी आमच्या अभिलेखागाराला देऊ केल्या, तेव्हा त्यांची संख्या सव्वाशेच्या घरात होती. त्यांत संस्थापकांची आणि अध्यक्षांची व्यक्तिचित्रे होती, वर्षानुवर्षांच्या कार्यकारिणीची समूहछायाचित्रे होती, इमारतीच्या बांधकामाचे टप्पे दाखवणारी एक मालिका होती आणि छायाचित्र म्हणावे की चित्र, असा पहिल्या नजरेत प्रश्न पडावा अशी काही हाताने रंगवलेली मोठी व्यक्तिचित्रेही होती. कालखंड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंतचा होता. म्हणजे छायाचित्रणाच्या निदान पाच-सहा वेगवेगळ्या प्रक्रिया एकाच देणगीत आल्या होत्या, आणि त्या सगळ्या काच, लाकूड, पुठ्ठा, खिळे आणि डिंक यांच्यासह बंदिस्त होत्या.

देणगीदारांची अपेक्षा अशी होती, की तसबिरी आहेत तशाच, फ्रेमसह, एकत्र ठेवाव्यात. उलट अभिलेखागारातल्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते, की सगळ्या फ्रेम सरसकट काढून टाकाव्यात आणि छायाचित्रे पेट्यांमध्ये आडवी ठेवावीत, कारण फ्रेममधले एक छायाचित्र जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेत फ्रेमविना अनेक छायाचित्रे मावतात. दोन्ही भूमिकांमागे समजण्यासारखी कारणे होती. तरीही काम पुढे सरकत गेले तसे एक गोष्ट स्पष्ट होत गेली, आणि या टिपणातला मुख्य मुद्दा तोच आहे: फ्रेम काढायची की ठेवायची हा निर्णय संपूर्ण देणगीसाठी एकगठ्ठा घेता येत नाही. तो प्रत्येक तसबिरीसाठी, तिची मागची बाजू वाचून आणि आत काय चालले आहे ते पाहून, स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

दानपत्रात काय लिहून घेतले

तसबिरी हलवण्याआधी दानपत्र पूर्ण केले. नेहमीच्या दानपत्रात मालकी हस्तांतरित होते एवढे लिहिलेले असते. इथे ते पुरेसे नव्हते. छायाचित्राच्या प्रतीची मालकी आणि त्या छायाचित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या बाबी आहेत. भिंतीवर टांगलेली प्रत संस्थेच्या मालकीची असली, तरी प्रत्येक छायाचित्राचा कॉपीराइट तिच्याकडेच असेल असे धरून चालता येत नाही. त्यामुळे ज्यांचे हक्क संस्थेकडे असल्याचा कागद होता ती छायाचित्रे आणि ज्यांच्या हक्कांबद्दल काहीच हाती नव्हते ती छायाचित्रे यांच्या याद्या निरनिराळ्या केल्या.

तसबिरींच्या बाबतीत आणखी एक कलम आवश्यक असते, आणि अनेक दानपत्रांत नेमके तेच राहून जाते: जतनासाठी गरज पडल्यास छायाचित्र फ्रेमपासून वेगळे करण्याची, आणि वेगळ्या झालेल्या फ्रेमचे काय करायचे ते ठरवण्याची लेखी संमती. हे कलम वाचल्यावर संस्थेचे एक ज्येष्ठ पदाधिकारी अस्वस्थ झाले. “फ्रेम काढली की मग तसबिरीचं राहिलं काय?” असे त्यांनी विचारले. त्यांना पटवण्यासाठी युक्तिवाद करत बसण्यापेक्षा भिंतीवरची एक तसबीर उतरवून उलटी केली. मागच्या लाकडी पट्ट्यांच्या सांध्यांत फटी पडल्या होत्या, खिळे गंजून त्यांचा तांबूस ओघळ खाली आला होता आणि धूळ अडवण्यासाठी चिकटवलेला तपकिरी कागद बोट लावताच तुटत होता. तो कागद ज्याने असा झाला तेच आम्ल आतल्या छायाचित्रापर्यंत पोहोचत असते, हे तेवढ्यावरून त्यांच्या लक्षात आले. त्यांनी संमती दिली. मात्र फ्रेम टाकून देण्याआधी आपल्याला विचारले जावे अशी अट घातली, आणि ती रास्त असल्याने दानपत्रात लिहूनही घेतली.

वाहतूक आणि विलगीकरण

काच लावलेल्या तसबिरी उभ्याच न्याव्यात, कारण आडवी ठेवलेली काच स्वतःच्या वजनाने आणि गाडीच्या धक्क्याने सहज तडकते. दोन-दोन तसबिरींच्या जोड्या लावून, काचेसमोर काच आणि पाठीला पाठ अशा रीतीने, मध्ये नालीदार पुठ्ठा घालून त्या बांधल्या. टांगण्याचे हुक आणि तारा आधीच काढल्या, कारण एका फ्रेमचा हुक शेजारच्या फ्रेमची काच फोडतो हा अशा कामातला नेहमीचा अपघात आहे. ज्यांची काच आधीच तडकली होती त्यांच्यावर, तुकडे जागचे हलू नयेत म्हणून, सहज निघणारी कमी चिकट पट्टी आडवी-उभी लावली आणि फक्त त्या तसबिरी आडव्या नेल्या.

आल्यावर त्या थेट भांडारात गेल्या नाहीत. वेगळ्या खोलीत, जमिनीपासून उंच मांडणीवर, पांढऱ्या कागदावर त्या ठेवल्या. पांढरा कागद यासाठी, की लाकूड पोखरणारे भुंगेरे फ्रेममध्ये जिवंत असतील तर काही दिवसांत त्या कागदावर ताज्या, फिकट रंगाच्या भुकटीची लहानशी रास दिसते. काही फ्रेमखाली ती दिसली. जुनी भोके असणे आणि कीड जिवंत असणे यांतला फरक ताज्या भुकटीवरूनच कळतो. नुसती भोके पाहून घाबरण्याचे कारण नाही.

लाकडातली कीड मारण्यासाठी गोठवण्याचा उपाय खात्रीचा मानला जातो. वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सियसला निदान आठवडाभर ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव वस्तूवर न पडता पिशवीवर पडते. मात्र आख्खी तसबीर अशी गोठवू नये. काच, छायाचित्रावरचा प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर, लाकडावरचा खडूचा लेप आणि त्यावरचा सोनेरी वर्ख ही सगळी द्रव्ये थंडीत निरनिराळ्या प्रमाणात आकसतात, आणि जिथे ती एकमेकांना चिकटलेली असतात तिथे तडे जाण्याचा धोका असतो. म्हणून कीड लागलेल्या फ्रेममधून आधी छायाचित्र बाहेर काढले आणि साध्या लाकडाची रिकामी फ्रेम तेवढी गोठवली.

बुरशी होती त्या तसबिरींना दमटपणा कमी असलेल्या जागी कोरडे होऊ दिले. ओली बुरशी पुसायला गेले की ती पसरते आणि छायाचित्राच्या पृष्ठभागात घासली जाते. कोरडी झाली की मऊ ब्रशने आणि बारीक कण अडवणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमने ती निघते. हे काम मास्क आणि हातमोजे घालूनच करायचे असते.

मागची बाजू आधी

फ्रेम उघडण्याआधी प्रत्येक तसबिरीला दाखल क्रमांक दिला आणि तिची पुढची, मागची आणि चारही कडांची छायाचित्रे काढली. उघडताना जसजसा एकेक थर निघत गेला तसतसे त्याचेही छायाचित्र घेतले. हे काम वेळखाऊ आहे, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या अभिलेखागारात ते गाळण्याचा मोह होतो. पण फ्रेमची रचना एकदा सुटली की ती पुराव्याच्या स्वरूपात परत उभी करता येत नाही. काय कशाच्या मागे होते, कोणती चिठ्ठी कोणत्या थरावर होती, खिळे एकाच वेळचे होते की पुन्हा ठोकलेले होते, या गोष्टी नंतर आठवणीतून सांगता येत नाहीत.

त्याचा उपयोग लगेच दिसला. एका समूहछायाचित्राच्या माउंटवर, म्हणजे ते ज्यावर चिकटवलेले होते त्या पुठ्ठ्यावर, ना वर्ष होते ना नावे. मागचा तपकिरी कागद मात्र कोणीतरी शाईने भरून ठेवला होता: बसलेल्यांची रांग, उभ्यांची रांग, डावीकडून उजवीकडे नावे, आणि एका नावावर काट मारून त्याच्या वर दुसरे लिहिलेले. हा कागद छायाचित्राच्या दृष्टीने घातक, कारण तो लाकडाच्या लगद्याचा, लिग्निनयुक्त आणि आम्लधर्मी होता. माहितीच्या दृष्टीने मात्र त्या तसबिरीतली सर्वांत मोलाची वस्तू तोच होता. तो जागच्या जागी वाचून उतरवला, त्याची प्रतिमा घेतली, पातळ धारदार पट्टीने अलगद सोडवला आणि पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात स्वतंत्र ठेवला. काट मारलेले नावही नोंदीत जसेच्या तसे घेतले, कारण दुरुस्ती बरोबर होती की चूक हे ठरवणे हे नोंद करणाऱ्याचे काम नव्हे.

दुसऱ्या एका तसबिरीत फळी आणि माउंट यांच्यामधली पोकळी भरायला वर्तमानपत्राचे घडी घातलेले पान कोंबलेले होते. पानावरची तारीख छायाचित्राची तारीख सांगत नाही. एवढेच सांगते, की त्या तारखेआधी ही फ्रेम या अवस्थेत बंद झालेली नाही. नोंदीत तारीख लिहिताना ही मर्यादा स्पष्ट लिहिली, नाहीतर पुढे कोणीतरी तीच छायाचित्राची तारीख म्हणून उद्धृत करील.

आणि एका अध्यक्षांच्या व्यक्तिचित्रामागे, भरणा म्हणून, दुसरे एक छायाचित्रच निघाले. तोंड आतल्या बाजूला करून ठेवलेले ते पिवळसर छायाचित्र संस्थेच्या आधीच्या, आता अस्तित्वात नसलेल्या वास्तूचे होते. जुने छायाचित्र फळीऐवजी वापरून त्यावर नवे बसवण्याची पद्धत फ्रेम करणाऱ्यांमध्ये पूर्वी सर्रास होती. प्रत्येक थर सावकाश उचलण्याचे याहून मोठे कारण सांगता येणार नाही.

उघडण्याची रीत

टेबलावर मऊ पण घट्ट फोमची चादर, तीवर स्वच्छ कागद, आणि तसबीर काच खाली करून ठेवलेली. धुळीचा कागद कापल्यावर खिळे पक्कडीने, फ्रेमच्या कडेला टेकू न देता, सरळ ओढून काढायचे. हातोडीचा किंवा स्क्रूड्रायव्हर उचकटण्याचा धक्का काचेला लगेच पोहोचतो. फळी उचलण्याआधी ती छायाचित्राच्या माउंटला चिकटलेली तर नाही ना, हे पातळ पट्टी सरकवून पाहायचे. मग आतले सगळे, म्हणजे काच, माउंट आणि छायाचित्र, एकत्र बाहेर घ्यायचे आणि त्यानंतरच काच वेगळी करायची. सोनेरी वर्खाच्या फ्रेमला ओला फडका लावायचा नाही, कारण वर्ख अनेकदा पाण्यात विरघळणाऱ्या सरसावर बसवलेला असतो. काच हाताळताना नायट्रिलचे हातमोजे घातले. सुती मोज्यांतून काच निसटते.

तीसपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली छायाचित्र पाहणे हे त्यापुढचे पाऊल. भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसले आणि पृष्ठभागावर बारीक जाळीदार भेगा असल्या, तर बहुधा ते अल्ब्युमेन छायाचित्र असते: अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेली, १८५० मध्ये पुढे आलेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्वाधिक वापरात राहिलेली पद्धत. तंतू मुळीच दिसले नाहीत, तर जिलेटिनच्या थराखाली बेरियमयुक्त पांढरा थर असतो, आणि ते विसाव्या शतकातले नेहमीचे कृष्णधवल छायाचित्र असण्याची शक्यता अधिक. ठिपक्यांची एकसारखी नक्षी दिसली तर ते छायाचित्र नसून छापखान्यातली छपाई आहे. या देणगीत काही “छायाचित्रे” तशी निघाली. प्रक्रिया ओळखणे हा नुसत्या वर्णनाचा भाग नाही. पुढचा प्रत्येक निर्णय तीवर अवलंबून असतो.

काही तसबिरी, काही निर्णय

बांधकामाच्या मालिकेतली छायाचित्रे अल्ब्युमेन होती आणि त्यांच्या मागे लाकडी पट्ट्या होत्या. प्रत्येक छायाचित्रावर समांतर तपकिरी रेषा उमटल्या होत्या, आणि त्या रेषा पट्ट्यांमधल्या फटींच्या तंतोतंत समोर येत होत्या: फटीतून येणारी दूषित हवा आणि धूळ जिथे पोहोचली तिथे कागद अधिक रंगला होता. एका ठिकाणी तर लाकडातल्या गाठीचा गोल डाग, तिच्यातल्या राळेसकट, माउंटमधून पार समोर आला होता. इथे निर्णयाला वेळ लागला नाही. फ्रेम साध्या होत्या, त्यांवर कसलीही खूण नव्हती, आणि आत राहणे म्हणजे नुकसान चालू राहणे होते. छायाचित्रे बाहेर काढली. मूळ माउंटवरून मात्र ती सोडवली नाहीत, कारण माउंटवर छायाचित्रकाराचा ठसा होता, आणि पातळ अल्ब्युमेन कागद माउंटपासून सोडवला की त्याची सुरळी होते.

याच्या नेमका उलट निर्णय रंगवलेल्या व्यक्तिचित्रांबाबत घ्यावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला फिकट छापलेले मोठे छायाचित्र कोळशाने, खडूने किंवा रंगाने भरून काढण्याची पद्धत लोकप्रिय होती. त्यांतली काही फुगीर पुठ्ठ्यावर ताणलेली असतात आणि त्यांना तशीच फुगीर काच बसवलेली असते. पुठ्ठा ठिसूळ झालेला असतो, खडूची भुकटी पृष्ठभागावर सैल असते आणि तो फुगीर आकार सांभाळणारी वस्तू फ्रेमच असते. अशी तसबीर उघडून पेटीत सपाट ठेवणे म्हणजे ती मोडणे. फ्रेमसह ठेवण्याचा निर्णय घेतला, मागची आम्लधर्मी फळी तेवढी बदलली, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक लावण्याची सूचना नाकारली. ॲक्रिलिकमधली स्थिर वीज सैल खडू ओढून घेते.

सर्वांत अवघड होती ती काचेला चिकटलेली छायाचित्रे. जिलेटिन ओलावा शोषून फुगते आणि मऊ होते; मध्ये अंतर राखणारी, खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट नसेल आणि छायाचित्र थेट काचेला टेकत असेल, तर दमट काळात ते काचेवर बसते आणि कोरडे होताना तिथेच घट्ट होते. तिरक्या प्रकाशात ही जागा ओळखता येते: चिकटलेला भाग ओल्या डागासारखा गडद आणि चमकदार दिसतो, सुटा भाग निस्तेज. कार्यकारिणीच्या एका छायाचित्रात हा डाग नेमका मधल्या रांगेतल्या चेहऱ्यांवर होता. अशा छायाचित्राला ओढायचे नाही, पाते घालायचे नाही, वाफ द्यायची नाही. काच आणि छायाचित्र ही आता एकच वस्तू आहे असे धरून ती हाताळावी लागते. काचेतूनच, प्रकाश आणि लेन्स दोन्हींवर ध्रुवीकरण गाळणी लावून, परावर्तन टाळून तिची उत्तम प्रतिमा घेतली. फ्रेम आणि मागची फळी काढली, काच राहू दिली.

चौथा प्रकार दिसायला सर्वांत निरुपद्रवी होता. १९७० च्या दशकातली काही कृष्णधवल छायाचित्रे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावर होती. हे कागद १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यांच्या प्लॅस्टिक थरात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असते, आणि सुरुवातीच्या उत्पादनांत प्रकाश पडल्यावर त्यातून ऑक्सिडीकरण करणारी द्रव्ये तयार होत. उघड्या छायाचित्रातून ती उडून जातात. काचेमागे अडकली की प्रतिमा ज्यांची बनलेली असते त्या चांदीच्या कणांवरच हल्ला करतात. त्यामुळे तांबूस-नारिंगी बारीक ठिपके आणि कडांना चांदीची आरशासारखी झिलई दिसते. म्हणजे या छायाचित्रांचे नुकसान फ्रेममुळेच वाढले. ती पहिल्या टप्प्यातच बाहेर काढली, जरी त्यांच्या फ्रेम सगळ्या देणगीत सर्वांत धडधाकट होत्या. फ्रेमच्या दिसण्यावरून प्राधान्य ठरवू नये याचे हे चांगले उदाहरण आहे.

रंगीत छायाचित्रांबद्दल थोडक्यात: त्यांतले रंग प्रकाशाने तर उडतातच, पण अंधारातही उष्णतेने उडत राहतात. फ्रेम काढल्याने त्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांना थंडी लागते.

साठवण

बाहेर काढलेल्या प्रत्येक छायाचित्राला चार पाळ्यांचे कागदी वेष्टन दिले. पृष्ठभाग पक्का असलेल्या आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या छायाचित्रांसाठी पॉलिएस्टरचे पाकीट. पीव्हीसीच्या पिशव्या पूर्णपणे वर्ज्य, कारण त्यांतून कालांतराने आम्लवाफा आणि चिकट द्रव्ये सुटतात. क्रमांक वेष्टनावर पेन्सिलीने आणि छायाचित्र आत घालण्याआधी लिहिला, म्हणजे लिहिण्याचा दाब छायाचित्रावर उमटत नाही.

साहित्य विकत घेताना “आम्लमुक्त” हा शब्द पुरेसा धरू नये. कागद आम्लमुक्त असूनही त्यातला एखादा घटक चांदीच्या प्रतिमेला अपाय करू शकतो. म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १८९१६ क्रमांकाच्या मानकानुसार छायाचित्र-क्रिया चाचणी उत्तीर्ण झालेलेच साहित्य मागवले. या चाचणीत साहित्य संवेदनशील नमुन्यांना लावून ७० अंश सेल्सियस तापमान आणि ८६ टक्के सापेक्ष आर्द्रता यांत १५ दिवस ठेवतात आणि नमुना फिका पडतो का, डागाळतो का हे पाहतात. चुन्याचा अंश घातलेला कागद बहुतेक कृष्णधवल छायाचित्रांना चालतो. निळ्या रंगाच्या सायनोटाइपना मात्र नाही, कारण अल्कधर्मी वातावरणात तो निळा रंग फिका पडतो. इमारतीच्या नकाशांच्या काही निळ्या प्रती याच देणगीत होत्या. त्यांना चुना नसलेला कागद दिला.

माउंट केलेली छायाचित्रे मजबूत पेट्यांत आडवी, एकाच आकाराची एकत्र, आणि पेटी दोन्ही हातांनी सहज उचलता येईल इतकीच भरलेली. फ्रेमसह ठेवायच्या तसबिरी खाचा पाडलेल्या मांडणीत उभ्या, प्रत्येकीमध्ये पुठ्ठ्याची आडभिंत, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर. सैल खडूच्या आणि काचेला चिकटलेल्या तेवढ्या आडव्या. बाहेरच्या भिंतीला टेकून काहीही ठेवले नाही, कारण भिंत थंड झाली की दमटपणा आधी तिच्यापाशी साठतो.

हवामानाबद्दल अभिलेखागाराने वास्तववादी भूमिका घेतली. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि तापमान जमेल तेवढे कमी हे उद्दिष्ट. पण ते वर्षभर काटेकोरपणे गाठणे प्रत्येक संस्थेला शक्य होत नाही. अशा वेळी दोन गोष्टी आधी सांभाळाव्यात: आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाऊ न देणे, कारण त्यापलीकडे बुरशी वाढते आणि जिलेटिन मऊ पडते, आणि दिवसागणिक होणारे मोठे चढउतार टाळणे. पेटीच्या आत वेष्टन, वेष्टनाच्या आत छायाचित्र अशी रचना बाहेरचे बदल आत पोहोचण्याचा वेग मंदावते, आणि यंत्रणा कमकुवत असलेल्या ठिकाणी हाच सर्वांत स्वस्त आधार असतो. रंगीत छायाचित्रे ओलावा रोखणाऱ्या दुहेरी पिशव्यांत बंद करून थंड कपाटात ठेवली; बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, अशी सूचना प्रत्येक पिशवीवरच लिहिली.

फ्रेमचे पुढे काय झाले

वेगळ्या केलेल्या फ्रेमची तीन भागांत वाटणी झाली. ज्यांवर कोरीव काम, अर्पणपट्टी किंवा फ्रेम करणाऱ्याचे लेबल होते त्या स्वतंत्र उपक्रमांकाने जपल्या. छायाचित्राच्या नोंदीत फ्रेमचा क्रमांक आणि फ्रेमच्या नोंदीत छायाचित्राचा, असा दुहेरी दुवा ठेवला, म्हणजे दोन वस्तू वेगळ्या खोल्यांत असल्या तरी त्यांचे नाते हरवत नाही. कीड लागून पोखरलेल्या फ्रेमची छायाचित्रे काढून, देणगीदारांना विचारून, त्या निकालात काढल्या. उरलेल्या सुस्थितीतल्या फ्रेम संस्थेने परत मागितल्या. त्यांत मूळ छायाचित्रांच्या नव्या छापील प्रती, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पाठीसह आणि काचेपासून अंतर राखणाऱ्या माउंटसह, बसवून दिल्या, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे मूळ छायाचित्राचा दाखल क्रमांक लिहिला. दानपत्राच्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांनीच या प्रती कुठे लावायच्या ते ठरवले.

काचेला चिकटलेल्या छायाचित्रांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आर्द्रता खाली-वर झाली की जिलेटिन आकसते आणि काच आकसत नाही, त्यामुळे थर फाटण्याचा धोका या छायाचित्रांना इतर सर्वांपेक्षा जास्त आहे. म्हणून सर्वांत स्थिर हवेचे कपाट त्यांना दिले आहे. छायाचित्र-संवर्धकाकडून तपासणी होईपर्यंत ती वाचकांना पाहायला दिली जात नाहीत; मागणी आली की काचेतून घेतलेली प्रतिमा दिली जाते. दर पावसाळ्यानंतर चिकटलेल्या भागाच्या कडा त्याच कोनातल्या प्रकाशात पुन्हा टिपायच्या आणि आधीच्या प्रतिमेशी ताडून पाहायच्या, एवढी नोंद त्यांच्या पत्रकावर आहे.